मागे कुणी चढायचं नाही

गेल्या महिन्यात आमच्या गोडाऊनमध्ये दत्ताराम परब मेला नाही. ही बातमी कुठल्या पेपरात आली नाही, कारण न मेलेल्या माणसांसाठी पेपरवाले जागा ठेवत नाहीत. म्हणून मी लिहून ठेवतोय. लिहायचंय खरं तर इसिडोर अंकलबद्दल. दत्ताराम त्यात अधूनमधून येतो, आणि येतो तेव्हा सवयीप्रमाणे जरा जास्तच जागा व्यापतो.

इसिडोर मिरांडा, वय चोपन्न, राहणार मरोळ गावठाण. अंधेरीच्या एमआयडीसीत आमचं गोडाऊन आहे, तिथून त्यांचं घर चालत अकरा मिनिटांवर. पूर्वी या बाजूला त्यांच्या लोकांची भातशेती होती. मी नोकरीला लागलो त्या दिवशी डिस्पॅचच्या टेबलावर कागद मांडत होतो, तर एक काटकुळा माणूस समोर येऊन म्हणाला, "तू बसलायस ना, तिथे माझ्या आज्याची म्हैस बसायची."

मी म्हटलं, "उठू का?"

"नको, बस. ती पण काही काम नव्हती करत."

अशी ओळख झाली.

आमच्याकडे दुसऱ्या कंपन्यांचा जड माल ठेवायला येतो. मोटरी, पंप, गिअरबॉक्स, सगळं लाकडी खोक्यांत. तो उचलायला एक फोर्कलिफ्ट. पुढे दोन लांब लोखंडी काटे, आणि त्यांच्यावरच्या मालाला तोलून धरायला पाठीमागे लोखंडाचा भलामोठा ठोकळा. बावीस वर्षं ही गाडी इसिडोर अंकल चालवत होते. शिकवलं कुणी? त्यांच्या आधीच्या ऑपरेटरने, एका जेवणाच्या सुट्टीत. "हा लिव्हर वर, हा खाली, आणि साहेब दिसला की मान हलवायची." संपलं ट्रेनिंग.

पण हात असा, की बघत राहावं. नवीन माणूस आला की जमिनीवर काडेपेटी उभी ठेवायला सांगायचे आणि काट्याच्या टोकाने ती न पाडता सरकवून दाखवायचे. गावठाणात तीन इसिडोर होते. एक ब्रास बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा, तो इशा ट्रम्पेट. एकाने तरुणपणी कुणाची तरी कोंबडी चोरली होती, तो साठीला आला तरी इशा कोंबडी. आणि आमचे, इशा फोर्कलिफ्ट. गाडी गेली तर नाव जाईल, आणि दुसरं काय नाव पडेल याचा भरवसा नाही.

आता दत्ताराम. मूळ कुडाळकडचा, राहायला घाटकोपरला, वजन एकशे चार किलो. कागदावर त्याचं पद मदतनीस. खरं पद वजन.

म्हणजे असं. एखादं खोकं गाडीला झेपण्यापेक्षा जड असलं की काटे वर करताना गाडीची मागची चाकं हलकी व्हायची. फोर्कलिफ्ट वळते मागच्या चाकांवर. ती जमीन सोडू लागली की स्टिअरिंग म्हणजे नुसती थाळी. अशा वेळी इसिडोर अंकल तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारायचे. दत्ताराम असेल तिथून यायचा, मागच्या ठोकळ्यावर चढायचा, वरच्या छपराचे दांडे धरायचा आणि मिरवणुकीतल्यासारखा उभा राहायचा. लोडर ओरडायचे, "मोरया!" गाडी मुकाट्याने माल उचलायची. फारच जड असेल तर दत्तारामच्या दोन्ही बाजूंना एकेक लोडर.

डॉक्टरने दत्तारामला साखरेमुळे वजन कमी करायला सांगितलं होतं. त्यावर त्याचं उत्तर होतं, "डॉक्टर, नोकरी वजनाचीच हा. पंधरा किलो उतरलंय तर इशा माका विचारीत पण नाय."

यात काही चुकतंय असं कुणालाच वाटत नव्हतं. मलाही नाही. मंगळवेढ्याच्या शाळेत आम्हाला तरफ शिकवली होती, मार्क पण चांगले होते. मला वाटलं, हीच ती तरफ, फक्त हिला दोन वेळा नाश्ता लागतो.

मग पत्र आलं. ज्या कंपनीचा सगळ्यात जास्त माल आमच्याकडे असतो, तिने कळवलं की यापुढे त्यांच्या मालाला हात लावणारा फोर्कलिफ्ट ऑपरेटर शिकलेला आणि परीक्षा पास झालेला हवा. तीन दिवसांचं ट्रेनिंग इथेच होईल, शिकवणारं माणूस ते पाठवतील. नापास झाला तर गाडीवर बसायचं नाही.

आमचे मॅनेजर शिवदास साहेबांनी हे वाचून दाखवलं आणि इसिडोर अंकलकडे बघून म्हणाले, "फॉर्मॅलिटी आहे रे. तू काय, झोपेत पास होशील."

"आणि नाही झालो तर?"

"तर पॅकिंगला बसशील. तिथे पंखा पण आहे."

इसिडोर अंकल हसले नाहीत. पॅकिंगच्या टेबलावर खोक्यांना चिकटपट्टी लावतात. बावीस वर्षं ते त्या टेबलासमोरून गाडी नेत होते, हॉर्न वाजवत.

शिकवणारं माणूस म्हणजे मानसी मॅडम निघाल्या. मुलुंडच्या, वय अठ्ठावीस, स्वतःचं हेल्मेट घरून आणलेल्या. इसिडोर अंकलनी त्यांना आधी डबा द्यायला आलेली कुणाची तरी मुलगी समजून गेटवर थांबायला सांगितलं होतं. त्यामुळे पहिल्या दिवसाची सुरुवात जरा गार झाली.

"मिरांडा सर, या गाडीची क्षमता किती?"

"कसली सर, मी इसिडोर. क्षमता म्हणजे जेवढं आणाल तेवढं."

"पाटी वाचून सांगा."

"कुठली पाटी?"

फोर्कलिफ्टवर ऑपरेटरच्या समोर एक छोटी पत्र्याची पाटी असते. आमच्या गाडीवर त्या जागी मोत माउलीचं, म्हणजे माउंट मेरीचं, स्टिकर होतं, बांद्र्याच्या जत्रेतून आणलेलं, कडेने काळं पडलेलं. मानसी मॅडमनी हात लावला नाही. एवढंच म्हणाल्या, "आईला जरा वर बसवू या का? तिच्यामागे काहीतरी लिहिलंय, ते तुम्हाला कळावं असं तिलाही वाटत असेल."

इसिडोर अंकलनी स्वतः गरम पाण्याचं फडकं आणलं. अर्धा तास लागला. माउली छपराच्या दांड्यावर गेली आणि खाली अक्षरं दिसली. दोन हजार किलो. तेही माल काट्यांच्या मुळाशी टेकलेला असेल तर. खोकं लांब असेल, वजन पुढे गेलेलं असेल, तर त्याहून कमी.

आम्ही सगळे वाकून वाचत होतो. मागच्या आठवड्यातच दोन हजार सातशेचा गिअरबॉक्स उचलला होता. दत्ताराम माझ्या कानात म्हणाला, "बोलू नको हां." कुणीच बोललं नाही. दत्तारामला मागे चढवायची पद्धत म्हणजे घरातली गोष्ट. पाहुण्यांसमोर काढत नाहीत.

लेखी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती आणि इसिडोर अंकल शाळेत आठवीपर्यंतच. संध्याकाळी त्यांनी मला घरी बोलावलं. गावठाणातलं बैठं घर, बाहेर ओटा, ओट्यावर मी, ते आणि मॅडमनी दिलेली छापील पानं. पानं मराठीत होती, पण असल्या मराठीत की मलाही दोनदा वाचावं लागत होतं. "भारकेंद्र सुस्थापित असल्याची निश्चिती करावी."

"हे काय रे? कुणाला शिव्या दिल्यात?"

"माल सरळ बसलाय का बघा, असं म्हणतायत."

"मग तसं लिहायला काय झालं?"

आतून फ्रेडा आंटी चहा घेऊन आल्या. इसिडोर अंकलची बायको. "शिकव रे याला नीट. बावीस वर्षं घरी येऊन सांगतोय, आज पाच टन उचलले, आज आठ टन उचलले. घरात गॅसचा सिलिंडर मीच उचलते."

"फ्रेडा, अभ्यास चाललाय."

"करा, करा. लग्नानंतर पहिल्यांदाच पुस्तक हातात बघते तुझ्या." मग कप ठेवता ठेवता आवाज खाली आणून मला म्हणाल्या, "रात्री झोपला नाही तो. छताकडे बघत पडला होता. पास होईल ना रे?"

मी म्हटलं होईल. लेखीत झाले पण. चाळीसपैकी एकतीस. शिवदास साहेबांनी पेढे मागवू का म्हणून विचारलं. इसिडोर अंकल म्हणाले, उद्या गाडीवरची झाल्यावर मागवा.

तिसऱ्या दिवशी गाडीवरची परीक्षा. लाल-पांढरे शंकू मांडले होते. त्यांच्यामधून पुढे जाणं, मागे येणं, तिसऱ्या फळीवर पॅलेट, म्हणजे मालाखालची लाकडी बैठक, ठेवणं, वळणावर हॉर्न. इसिडोर अंकलनी ते असं केलं की मानसी मॅडम एका जागी लिहायचं विसरल्या. पुढ्यात माल असला की रिव्हर्सने जायचं हे कालच शिकलेलं, तेही बिनचूक.

"शेवटचं," मॅडम म्हणाल्या. "ते खोकं ट्रकपाशी न्या."

खोक्यावर खडूने लिहिलं होतं, २३००. मोठ्या आकड्यात. सगळ्यांना दिसत होतं. इसिडोर अंकलनाही दिसलं असणार, पण एव्हाना त्यांचा हात रंगात आला होता. काटे आत घातले, लिव्हर ओढला. मागची चाकं हलकी झाली. आणि बावीस वर्षांच्या सवयीने दोन बोटं तोंडात गेली.

शिट्टी वाजली.

दत्ताराम बाहेर टपरीवर चहा पीत होता. ग्लास तसाच ठेवून धावत आला, कुणाकडे न बघता ठोकळ्यावर चढला, दांडे धरले. एका लोडरने "मोर" एवढं म्हटलं आणि "या" गिळला.

मानसी मॅडमनी हातातला कागद खाली घेतला. हात वर केला. इसिडोर अंकलनी खोकं खाली ठेवलं, गाडी बंद केली. दत्ताराम अजून मागे उभा होता. त्याला वाटत होतं, आपलं काम चांगलं झालं.

"उतरा काका," मॅडम म्हणाल्या. मग इसिडोर अंकलना, "हे नेहमीचं आहे?"

"जड असलं तरच."

"हे काका मागे उभे राहिले की मागचं चाक जमिनीला टेकतं. तुम्हाला वाटतं, झालं. पण पुढची साखळी, काटे, त्यांना कुठे ठाऊक की मागे काका आहेत? त्यांच्यावर तेवढंच ओझं. आणि ब्रेक जोरात लागला, चाक खड्ड्यात गेलं, की सगळ्यात आधी कोण उडतं? धरायला काय आहे त्यांना? पट्टा तुम्हाला आहे. त्यांना दोन दांडे."

"मॅडम, बावीस वर्षांत कधी काही..."

"म्हणून तर भीती वाटते."

नापास. आठ दिवसांनी एकदा परत परीक्षा देता येईल, ती शेवटची. तोपर्यंत गाडीची चावी भाड्याने आलेल्या विकीकडे. विकी चोवीस वर्षांचा, सर्टिफिकेटवाला, आणि काडेपेटी सोडा, पॅलेटसुद्धा दोनदा ठोकणारा.

इसिडोर अंकल पॅकिंगच्या टेबलावर बसले. पट्ट्या अगदी सरळ लावायचे. विकी गाडी घेऊन समोरून गेला की मान खाली. दत्ताराम दोन दिवस त्यांच्या आसपास घुटमळला, शेवटी म्हणाला, "इशा, माझ्यामुळे झालं रे."

"तुझ्यामुळे नाही. शिट्टी मी मारली."

"मी इलंयच नसतंय तर?"

"तू न येणारा असतास तर आपण दोस्त कसे झालो असतो?" मग एक पट्टी तोडून म्हणाले, "दत्तू, ती पोरगी बोलली ना, उडतं कोण. मी कधी मागे वळून बघितलंच नाही रे. शिट्टी मारायची आणि पुढे बघायचं. तू मागे आहेस एवढंच ठाऊक. कसा आहेस, बघितलंच नाही."

दत्तारामने पुढचं खोकं त्यांच्यासमोर सरकवून धरलं. शिट्टीशिवाय काम करायची त्याची ही पहिलीच वेळ.

सहाव्या दिवशी, शनिवारी, विकी मामेभावाच्या लग्नाला गेला. आणि नेमका दुपारी फोन आला की वाशीच्या पार्टीला एक गिअरबॉक्स आजच हवा, ट्रक पाठवलाय. ट्रक चार वाजता आला. पाचनंतर मोठ्या गाड्यांना रस्त्यावर बंदी, म्हणजे हातात तासाभराचा खेळ. खोक्यावर लिहिलं होतं दोन हजार सहाशे.

शिवदास साहेब पॅकिंगच्या टेबलाशी आले. "इसिडोर, ऊठ. चल."

"मी नापास आहे साहेब."

"अरे कोण बघतंय? मॅडम मुलुंडला, विकी लग्नात. दहा मिनिटांचं काम. ट्रक भरून दिलास ना, तर वर मी सांगतो, याच्याशिवाय इथे पान हलत नाही. परीक्षेचं मी बघून घेतो."

मी समोरच होतो. इसिडोर अंकलनी गाडीकडे बघितलं. सहा दिवस त्या सीटवर दुसरं कुणी बसलं होतं. चावी साहेबांच्या बोटात लटकत होती, हात लांब केला असता तर मिळाली असती. खरं सांगतो, मला वाटलं उठतील. मी त्यांच्या जागी असतो तर उठलो असतो.

"दोन हजार सहाशे आहे," ते म्हणाले. "पाटीवर दोन हजार आहे."

"परवापरवा दोन सातशे कुणी उचलला? मी?"

"मीच. तेव्हा वाचता येत नव्हतं."

साहेब भडकले. माणूस वाईट नाही, पण घड्याळ बघितलं की त्याचं डोकं त्या काट्यांबरोबर फिरतं. म्हणाले, "राहू दे. बारा वर्षं बघतोय मी हे. काय एवढं अवघड आहे!" आणि स्वतः जाऊन गाडीवर बसले. पट्टा लावला नाही. शिट्टी मारायला गेले तर नुसती हवा निघाली. मग टाळ्या वाजवल्या. "दत्ताराम! चल मागे!"

दत्ताराम निघाला. त्यात त्याचा दोष नाही. बोलावलं की जायचं, एवढंच त्याला इतकी वर्षं शिकवलं होतं. चार पावलं गेला असेल, तर इसिडोर अंकल टेबलावरून उडी मारून आले आणि त्यांनी मागून त्याच्या कमरेचा पट्टा धरला.

"नाही चढायचं."

"अरे मेल्या, सोड! साहेब बोलावतत."

"बोलावू दे."

अठ्ठावन्न किलोंचा माणूस एकशे चार किलोंच्या माणसाला अडवतोय म्हणजे अडवत नाही, लटकतो. दत्ताराम त्यांना घेऊनच पुढे सरकायला लागला. इसिडोर अंकलनी पाय टेबलाजवळच्या खांबाला अडकवला. लोडर हसायला लागले. मीही हसलो, ते इथे कबूल करून टाकतो.

"इसिडोर, सोड त्याला!" साहेब ओरडले.

"नाही सोडणार. नोकरीवरून काढा, मग सोडतो."

"मरा मग!" साहेबांनी लिव्हर ओढला.

खोकं उचललं गेलं. तेच वाईट झालं. जागचं हललं नसतं तर साहेब उतरले असते. वीतभर वर, गाडी पुढे, ट्रकपर्यंत सगळं ठीक. तिथे ट्रकच्या फळीच्या उंचीला नेण्यासाठी त्यांनी काटे छातीएवढे वर केले, गाडी आणखी थोडी पुढे घेतली, आणि अंतर चुकतंय असं वाटून ब्रेक दाबला. सगळा पाय दाबून.

गाडीने मान टाकली. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. मागचा तो एवढा ठोकळा हळूच हवेत आला, एक फूट, दोन फूट, आणि साहेब स्टिअरिंगवर पुढे झुकले. एक पाय बाहेर काढला. उडी मारणार होते.

"उतरू नको!" इसिडोर अंकल ओरडले. साहेबांना अरे-तुरे, पहिल्यांदाच. "आत बस! स्टिअरिंग धर! पाय आत घे, मागे रेल! उतरू नको, शिवदास!"

हे तिसऱ्या पानावर होतं. आम्ही ओट्यावर ते चार वेळा वाचलं होतं. गाडी कलली की उडी मारणाराच तिच्याखाली सापडतो. साहेबांनी पाय आत घेतला. का घेतला, त्यांनाही सांगता येत नाही. आवाजच तसा होता.

खोकं काट्यांवरून घसरून जमिनीवर आपटलं, गोडाऊन हादरलं. ओझं सुटताच मागचा ठोकळा धाडकन खाली आला, आणि ब्रेकवरचा पाय सुटलेली ती गाडी त्या धक्क्याने सरळ मागे आली आणि ट्रकसमोरच्या खांबाशी रचलेल्या रिकाम्या पॅलेटच्या थप्पीत घुसली. लाकडं काडीसारखी मोडली. ठोकळा आणि खांब यांच्यामध्ये वीतभर जागा उरली, आणि त्या वीतभरात भुसा.

थोडा वेळ नुसती धूळ. मग साहेबांचा आवाज, बारीक. "उतरू का आता?"

"चावी बंद करा. मग उतरा." परत अहो-जाहो.

साहेब उतरले, दोन पावलं चालले आणि जमिनीवरच बसले. ओठ फुटला होता, बाकी सगळे अवयव मोजून जागेवर. दत्ताराम त्या भुशाकडे बघत होता. पट्टा अजून इसिडोर अंकलच्या मुठीत होता. आपण धरलाय हे ते विसरले होते आणि आपल्याला धरलंय हे दत्ताराम. मग दत्ताराम एकदम म्हणाला, "आवशीचो घो!" आणि खाली बसला, आणि पट्टा धरलेला असल्यामुळे इसिडोर अंकलही त्याच्यासोबत बसले. तिघंही जमिनीवर. कुणीतरी पाणी आणलं. कुणाला आधी द्यायचं ते कळेना, म्हणून ते त्यानेच पिऊन टाकलं. त्यावर आम्ही जे हसलो ते थांबेचना. साहेबही, फुटक्या ओठाने.

जरा वेळाने साहेब म्हणाले, "पण दत्ताराम मागे असता तर कदाचित गाडी कललीच नसती."

"नसती," इसिडोर अंकल म्हणाले. "किंवा असती." आणि खांबाकडे बघितलं. साहेबांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

ट्रक रिकामाच उभा राहिला. साहेबांनी वाशीला फोन करून सांगितलं, माल पोचणार नाही, सोमवारी तीन टन उचलणारी फोर्कलिफ्ट मागवून भरू. पलीकडून आरडाओरडा ऐकू येत होता. साहेब म्हणाले, "ओरडा साहेब, पोटभर ओरडा," आणि त्यात खरोखर आनंद होता. झालेला प्रकार त्यांनी स्वतःच वर कळवला. गाडीवर कोण बसलं होतं तेही लपवलं नाही.

परीक्षा सोमवारी. मानसी मॅडमना सगळं कळलं होतं, पण त्या शनिवारबद्दल अक्षर बोलल्या नाहीत. विकीच्या कंपनीची गाडी आणली होती, आमची दुरुस्तीला. शंकू, वळणं, फळ्या, सगळं पुन्हा. फ्रेडा आंटी गेटबाहेर उभ्या होत्या. डबा द्यायला आले म्हणाल्या, आणि डबा अंकल सकाळीच घेऊन आले होते.

"शेवटचं," मॅडम म्हणाल्या. "ते खोकं."

खडूचा आकडा २१५०. इसिडोर अंकल गाडीवरून उतरले. खोक्याला एक फेरी मारली, आकडा वाचला. परत येऊन नव्या गाडीची पाटी वाचली, ओठ हलवत. तीही दोन हजाराचीच. मग काटे जमिनीला टेकवले, चावी काढली.

"हे होणार नाही."

"दीडशेच जास्त आहे," मॅडम म्हणाल्या. "तुमचा हात तर एवढा चांगला आहे."

"हात चांगला आहे. वजन जास्त आहे."

"ट्रक थांबलाय, मिरांडा सर."

"थांबू दे ना पोरी. ट्रकला कुठे लग्नाला जायचंय?"

लोडरांमध्ये खसखस पिकली. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं, सही केली, आणि तेवढ्यावरून आम्हाला काहीच कळलं नाही. मग त्यांनी हेल्मेट काढलं. "पास. आणि मला पोरी म्हटलेलं मी ऐकलं नाही."

फ्रेडा आंटी गेटबाहेरूनच ओरडल्या, "काय झालं? अरे कुणीतरी सांगा की!" दत्तारामने दोन्ही हात वर केले. आंटींनी छातीवर क्रूस केला आणि मग थांबवून ठेवलेल्या रिक्षावाल्याला सांगितलं, थांबू नको, मी चालत जाते.

पेढे आले. दत्तारामने एक घेतला, दुसऱ्याकडे बघितलं आणि पुढे सरकवला. मी भुवया उंचावल्या तर म्हणाला, "गप. आता माका लोडिंगच्या चिठ्ठ्या लिहूक दिल्यान. बसान काम. वजनाचो काय उपयोग नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला पहिला ट्रक लागला. इसिडोर अंकल गाडीवर बसले नाहीत. आधी टायर बघितले, मग साखळी, मग काट्यांच्या मुळाशी बोट फिरवलं. खाली वाकून तेल गळतंय का पाहिलं. पट्टा ओढून बघितला. हॉर्न वाजवला, एकदा, आणि समाधान नाही म्हणून पुन्हा एकदा. दहा मिनिटं गेली. लोडर बसून होते, ट्रकचा ड्रायव्हर उतरून विडी ओढायला गेला. शिवदास साहेब दारात उभे होते. मनगट वर केलं, घड्याळ बघितलं, आणि हात खिशात घातला.

"होऊ दे सावकाश," ते म्हणाले.